पिटुकसाठी कुंपण

ड्रायव्हरबाईंच्या लेकीने कुत्रा आणून सोडला तेव्हा ती म्हणाली, "थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, आई." लेकीचे थोडे दिवस म्हणजे किती, हे बाई ओळखून होत्या. तिची गिटार, तिचं शिवणयंत्र आणि व्यायामाची सायकल अशीच थोड्या दिवसांसाठी आली होती आणि माळ्यावर कायमची मुक्कामाला होती. पण त्यांना निदान खायला लागत नव्हतं.

कुत्र्याचं नाव पिटुक. घरी आणला तेव्हा बुटांच्या खोक्यात मावला होता, म्हणून ते नाव. आता तो गाडीच्या मागच्या सीटवरून उतरला तो उतरतच राहिला. आधी पुढचे पाय, मग छाती, मग बराच वेळ पाठ, आणि शेवटी शेपूट. दारात उभा राहिला तेव्हा घरात उजेड कमी झाला. लेकीची बदली झाली होती, आणि नव्या जागेचा मालक मांजर पाहूनही नाक मुरडणारा होता. आईकडे परसदार होतं, लिंबाचं झाड होतं, भिंत होती. झालं!

बाई शाळेची बस चालवायच्या. नवरा तरुणपणी गेला तेव्हा त्या त्याच बसवर मुलांची चढउतार सांभाळायच्या. जुने ड्रायव्हर निवृत्त झाले, तेव्हा शाळेला दुसरं कुणी मिळेना म्हणून बाईंनी चाक हातात घेतलं. बोलायला फटकळ, पण बसमधलं रडकं पोर त्यांच्यामागच्या सीटवर बसवलं की गप्प होई. सकाळी मुलांना सोडायचं, दुपारी घरी यायचं, चार घास खाऊन पुन्हा आणायला जायचं, असा त्यांचा दिवस. म्हणजे पिटुक रोज दोनदा एकटा राहणार होता.

पहिल्याच सकाळी तो भिंत ओलांडून गेला. परसदाराची ती भिंत बाईंच्या छातीला लागायची. पलीकडची जमीन मात्र बरीच खाली होती, त्यामुळे तिकडून तीच भिंत माणसाच्या डोक्यावर जायची. तिकडे निवृत्त पोस्टमनकाका एकटे राहायचे आणि गुलाब लावायचे. लिंबाचा पाला त्यांच्या गुलाबांवर पडतो, यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. बाई दुपारी परतल्या तेव्हा काका खुर्चीवर बसले नव्हते, उभे होते. खाली पिटुक उलटलेल्या कुंडीच्या मातीत आरामात पसरला होता.

"ड्रायव्हरबाई!" काका ओरडले. "जन्मभर दारोदार कुत्र्यांनी माझ्या पँटी फाडल्या. निवृत्त झालो, म्हटलं सुटलो. आता कुत्रं घरपोच येतंय!"

"चुकलं, काका. तो काही करत नाही हो."

"सगळ्यांचीच कुत्री काही करत नाहीत. माझ्या पोटरीवर खुणा आहेत, दाखवू? भीक नको, पण कुत्रं आवरा!"

बाईंनी पिटुकला पट्ट्याला धरून फाटकातून घरी आणला आणि दुसऱ्या दिवशीपासून सल्ले गोळा करायला सुरुवात केली. तेही न मागता मिळू लागले. हार्डवेअरचा दुकानदार म्हणाला, भिंतीवर काचा बसवा. बाई म्हणाल्या, "म्हणजे उडी तर मारेलच, वर पोट फाडून घेईल." लेकीने फोनवर वेगळीच टूम काढली. जमिनीत तार पुरायची, कुत्र्याच्या गळ्यात यंत्र घालायचं. तारेजवळ गेला की झटका बसतो. "कुंपण दिसतच नाही, आई!" लेक कौतुकाने म्हणाली. बाईंना ते काही पटेना. दुसऱ्या बसचा ड्रायव्हर, ज्याला सगळे दादा म्हणत, तो म्हणाला, "एवढा घोळ कशाला? साखळी लावा. आमच्या गावाकडे सगळी कुत्री साखळीलाच वाढली."

साखळी स्वस्त होती आणि त्याच दिवशी मिळत होती. बाईंनी ती लिंबाच्या खोडाला अडकवली. बिचाऱ्याला फिरता यावं म्हणून चांगली लांब घेतली. पिटुकने मान तिरकी करून साखळीकडे बघितलं, एक जांभई दिली, आणि आडवा झाला. बाईंना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

दोन-चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी बाई गल्लीच्या तोंडाशी बस उभी करून उतरल्या, तेव्हा त्यांना काकांची हाक ऐकू आली. ही नेहमीची चिडकी हाक नव्हती. आवाज चिरकला होता.

"कुणी आहे का? अहो, कुणीतरी या!"

बाई धावल्या. परसदारात पिटुक नव्हता. लिंबापासून भिंतीपर्यंत साखळी ताणलेली होती आणि भिंतीवरून पलीकडे गेली होती. भिंतीला लागून ठेवलेल्या जुन्या लाकडी बाकावर चढून बाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. भिंत ओलांडण्यापुरती साखळी लांब होती, खाली जमिनीवर पोचण्यापुरती नव्हती. पिटुक गळ्यातल्या पट्ट्याला लटकला होता. आणि त्याच्या खाली, ज्यांना कुत्र्याची सावलीही सहन होत नसे, ते काका त्याचं सगळं धूड खांद्यावर पेलून भिंतीला टेकले होते. पट्टा सोडवायला हात मोकळा नव्हता. हात काढला असता तर कुत्रा घसरला असता.

"झाडाकडून सोडा!" काका कसेबसे म्हणाले. "लवकर, बाई!"

बाईंनी बाकावरून उडी मारली. खोडाजवळचा हूक निघेना. बोटं ओली झाली होती, त्यांना घाम आला होता की काय कोण जाणे. शेवटी हूक सुटला, साखळी खळखळत भिंतीवरून गेली आणि पलीकडे धप्प आवाज झाला. मग काहीच आवाज नाही.

बाई रस्त्याने वळसा घालून काकांच्या अंगणात शिरल्या. काका जमिनीवर उताणे पडले होते. पिटुक त्यांच्या छातीवर निम्मा आडवा होऊन खोकत होता. मग तो जरा सावरला आणि काकांचा कान चाटू लागला.

"उठवा याला," काका डोळे मिटूनच म्हणाले. "चाटतोय मला."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी काकांना उठवून पायरीवर बसवलं, आतून पाणी आणून दिलं. त्या घरात त्या कितीतरी काळाने शिरत होत्या. दोघांच्या मध्ये पिटुक बसला होता, जीभ बाहेर काढून.

"तुम्ही नसता, काका, तर..."

"मी नसतो तर काय, तो इकडे आलाच नसता. मला बघायलाच उडी मारतो मेला." मग जरा थांबून काका म्हणाले, "मी आधी आत पळालो होतो, बाई. वाटलं, आला अंगावर. मग घरघर ऐकली."

दुपारची फेरी दादाने केली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पिटुकचा गळा नीट तपासला, सुजेवर औषध दिलं आणि मग बाईंना चांगलं फैलावर घेतलं. एकट्या कुत्र्याला साखळी, आणि तीही भिंतीजवळ! बाईंनी ऐकून घेतलं. मग झटक्याच्या यंत्राबद्दल विचारलं.

"एवढं तगडं जनावर एकदा चेकाळलं की झटका खाऊनही बाहेर जातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि जोर ओसरल्यावर त्याच झटक्याच्या भीतीने परत आत येत नाही. शिवाय त्या तारेने बाहेरचं कुणी आत यायचं थांबत नाही. आधी मला सांगा, तो जातो कशाला? आणि जातो कुठून?"

बाईंनी ते शोधायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल ओढलं आणि पिटुकवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. पलीकडून काकाही आपल्या खिडकीत बसले, कारण गुलाब त्यांचे होते. संध्याकाळी भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांनी आपापलं म्हणणं मांडलं. पिटुक उगाच हुंदडत नव्हता. बाई घरात असल्या तर भिंतीकडे फिरकतही नव्हता. त्या बाहेर गेल्याचं सोंग करून खिडकीआड लपल्या की आधी फाटकाशी जाऊन रडत होता, आणि मग काकांच्या खुरप्याचा आवाज आला की सोबतीला निघत होता. उडीसाठी त्याला तो लाकडी बाक आयता मिळाला होता. बाक हलवल्यावर त्याने नळाजवळची ओली माती उकरायला घेतली.

"म्हणजे वरून अडवलं की खालून," बाई म्हणाल्या.

"टपालासारखं," काका म्हणाले. "पेटीत नाही मावलं, तर दाराखालून."

भिंतच उंच करावी, असं बाईंच्या मनात होतं. काकांनी तिथेच हरकत घेतली: गुलाबांना ऊन कुठून मिळणार? बाई चिडल्या. पण रात्री विचार करताना त्यांना वाटलं, चारी बाजूंनी भिंत म्हणजे कोठडीच की. न दिसणाऱ्या प्रत्येक पावलावर तो भुंकत बसेल. मग जाळी घ्यायची ठरली. हार्डवेअरवाल्याने कोंबड्यांची जाळी दिली. बाईंनी तिचा तुकडा दोन खांबांना बांधून पाहिला. पिटुकने प्रेमाने अंग टेकलं, आणि जाळीला गरोदर बाईसारखं पोट आलं.

शेवटी वेल्डर आला. तो हौशी होता, मोजमाप घेताघेताच त्याला वरची नक्षी दिसू लागली होती.

"वर भाले लावू, बाई? एकदम रुबाब येईल."

"मला कुत्रा ठेवायचाय, किल्ला नाही बांधायचा. वर एकही टोक नको. आडव्या पट्ट्याही नकोत, शिडी करेल तो त्यांची."

मग बाई, काका आणि वेल्डर अशा तिघांनी मिळून एकेक गोष्ट ठरवली. अख्खं परसदार न घेता लिंबाच्या सावलीचा मागचा भाग घ्यायचा. जाड तारांची, सांध्यासांध्याला जोडलेली जाळी, वेल्डरने हात वर केला तरी त्याच्या बोटांच्याही वर जाईल इतकी. जाळी खांबांच्या आतल्या अंगाने, म्हणजे पिटुकने रेटली तर खांबांवरच दाबली जाईल, सुटणार नाही. खाली तीच जाळी आतल्या बाजूला वळवून मातीत पुरायची आणि वर दगड ठेवायचे. भिंतीपासून थोडी जागा सोडायची; ती काकांची अट होती, आणि बाईंना ती मान्य झाली. एक फाटक उघडं राहिलं तर? या प्रश्नावर वेल्डरने दोन फाटकं सुचवली, एकामागे एक, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. काकांना ते फारच आवडलं. "मी नोकरीत असताना असं घर एकही नव्हतं," ते म्हणाले.

काम चालू असताना पिटुक रोज बसमधून हिंडला. शाळेने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग मुलं वेळेवर येऊ लागल्यावर त्या काढल्या. कुंपण झालं त्या दिवशी बाईंनी त्याला आत सोडलं आणि स्वतःही आत बसून राहिल्या. त्याने कडेने फेरी मारली, नाकाने खांब तपासले, कोपऱ्यात उकरलं. नखं जाळीला लागली. त्याने आश्चर्याने खड्ड्यात बघितलं, पुन्हा उकरलं, आणि लिंबाखाली जाऊन धापकन बसला.

तरी बाईंच्या जिवाला घोर होताच. पहिल्या दिवशी बस चालवताना प्रत्येक वळणावर त्यांना साखळीच दिसत होती. घरी आल्या तर काका भिंतीपलीकडे शिडीवर उभे राहून पिटुकला वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवत होते.

"एकटं वाटतं त्याला," काका ओशाळून म्हणाले. "आणि माझंही वाचून होतं."

पुढे एकदा मीटर बघायला आलेला माणूस कुंपणाचं बाहेरचं फाटक सताड उघडं टाकून गेला. आतल्याने काम केलं. त्या दिवशी बाईंनी वेल्डरला फोन करून नुसतं "बरं का, टिकलं" एवढंच सांगितलं.

वर्ष सरत आलं तेव्हा लेकीचा फोन आला. तिला अंगणवालं घर मिळालं होतं, रविवारी ती पिटुकला न्यायला येणार होती.

"कुंपण कसलं आहे?" बाईंनी विचारलं.

"मेंदीचं आहे गं, छान दाट."

"मग तो येणार नाही."

"आई, कुत्रा माझा आहे!"

"तुझाच आहे. म्हणून सांगते. आधी कुंपण, मग कुत्रा."

लेक रुसली. फोन बंद राहिला. मग एके दिवशी वेल्डरचा नंबर मागायला तिचाच फोन आला, आणि काही आठवड्यांनी बाई, काका आणि पिटुक असे तिघे तिच्याकडे गेले. पिटुक गाडीतच राहिला. बाईंनी एकेका खांबाला खांदा लावून रेटा दिला. काका गुडघ्यांवर बसून पिटुकच्या उंचीवरून बघत जाळीच्या कडेने रांगले. लेक दारात उभी राहून हसत सुटली.

"आतली कडी बघा, बाई," काका खालूनच म्हणाले. "ही नाकाने वर जाईल."

खरंच गेली. लेकीचं हसू थांबलं. तिने शेजाऱ्याकडून पाना आणला, काकांनी कडी उलटी बसवली, बाईंनी ती तळहाताने चारदा ठोकून पाहिली. मग पिटुकला आत सोडलं. तो लेकीच्या अंगावर असा काही झेपावला की ती गवतात बसलीच.

परतताना काका पुढे बाईंशेजारी बसले. मागच्या सीटवर केस चिकटले होते. वाटेत एका ठिकाणी चहा प्यायला थांबले, तेव्हा काका म्हणाले, "त्या मोकळ्या जाळीत आता काय करणार?"

"राहू दे की. लेक दौऱ्यावर गेली की येणारच आहे तो."

"तोवर माझे चार गुलाब तिथे लावतो. गल्लीतल्या शेळ्या फार मातल्यात, कळीसुद्धा ठेवत नाहीत."

"लावा," बाई म्हणाल्या. "पण पाला पडेल हं."

"पडू दे," काका म्हणाले, आणि चहावर फुंकर घातली.