मापाडीबाईचं चुकलेलं माप

ऑफिसात तिला सगळे मापाडीबाई म्हणायचे. म्हाताऱ्यांना आणि अपंगांना मदत देणारं सरकारी खातं. तिथल्या मोठ्या सर्व्हरला किती ताकद लागेल, हे मोजून सांगणं तिचं काम. मोजण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा तिचा समज होता. खोटं कशाला बोला!

त्या वर्षी तिने सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. सर्व्हर बघावा तेव्हा अर्धा रिकामाच. तिने अहवालात ठोकून दिलं, अर्धी यंत्रणा काढून घ्या. साहेबांची सही तेवढी बाकी होती. त्याआधी लोकांच्या नोंदीच्या खिडक्यांवर नजर टाकावी म्हणून एक तारखेला ती खाली उतरली.

खाली मुंगीला शिरायला जागा नाही! दर महिन्याच्या एक तारखेला हजेरी नोंदवली तरच मदत, त्यामुळे सगळे सकाळीच हजर. आणि खिडकीमागच्या थोरल्या कारकूनबाई चक्क वहीत लिहीत बसलेल्या.

"अहो ताई, नोंद कॉम्प्युटरवर करायची ना?"

"सगळ्या खिडक्यांनी एकदम केली की तुमचा सर्व्हर मान टाकतो," ताई लिहिता लिहिताच म्हणाल्या. "म्हणून आत्ता वहीत, आणि मग आठवडाभर थोडं थोडं चढवायचं. एखाद्याचं राहून गेलं तर बिचाऱ्याला पुढच्या महिन्यापर्यंत काही नाही. वर बसून तुला हे कसं दिसणार गं?"

मापाडीबाईने शेजारच्या खिडक्यांत डोकावून पाहिलं, तिथल्या बायकाही वहीतच लिहीत होत्या. या बायका सांभाळून घेत होत्या म्हणून सर्व्हर रिकामा दिसत होता, आणि ती तोच काढून घ्यायला निघाली होती!

अहवाल तिने फाडला. पुढचे तीन महिने एक तारखेला ताईंशेजारी स्टूल टाकून माणसं मोजली आणि दुप्पट यंत्रणा मागितली.

"आधी निम्मी, आता दुप्पट? डोकं ठिकाणावर आहे ना?" साहेब तडकले.

"आधीचं माप चुकलं, साहेब. माझंच." तिने ताईंच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. साहेबांनी तास-दीड तास तो चाळला आणि सही केली.

बऱ्याच वर्षांनी, अशाच एका एक तारखेला, ताई काठी टेकत खिडकीच्या पलीकडे उभ्या राहिल्या. निवृत्त होऊन त्यांनाही आता मदत सुरू झाली होती. मिनिटभरात नोंद झाली.

"झालं? एवढ्यात?"

मापाडीबाई जिन्यावरून बघत होती. ती धावत खाली आली आणि तिने ताईंचे दोन्ही हात धरले.

"ताई, फार उपकार आहेत तुमचे. त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात, तर आज मी तुम्हालाच रिकाम्या हाती परत पाठवलं असतं."

"चल, काहीतरीच!" ताई म्हणाल्या. पण हात काही त्यांनी सोडवून घेतले नाहीत.