तिसऱ्या गाण्याआधीचा ‘लाभ’

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही मला भीती वाटत नाही. राग येतो.

आम्ही बंगळुरूच्या बनशंकरीतले, आजोबांपासून धान्याचं दुकान. तांदूळ मापताना आमच्यात ‘एक’ म्हणत नाहीत... पहिलं माप ‘लाभ’, मग दोन, तीन. माझा मोठा भाऊ, अण्णा, एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. गाणं सुरू करतानाही तो तसंच मोजायचा – “लाभ, दोन, तीन, चार.” कोरमंगलाच्या प्रॅक्टिस रूममध्ये बाकीचे खिदळायचे.

न्यू वेव्ह रॉक. अर्ध्या चाली अण्णाच्या. अल्बमच्या तोंडावर त्यांनी त्याला काढलं, दुसरा बेसिस्ट आणला. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच अण्णा बाइक अपघातात गेला. बँडवाल्यांनी एक हळवी पोस्ट टाकली आणि ते स्टुडिओत गेले.

अल्बमने लोकांना अक्षरशः वेड लावलं. जखमेवर मीठ चोळून घ्यावं तशी मी कॉमेंट्स वाचायचे. जो तो एकच लिहीत होता – तिसऱ्या गाण्याआधी कुणीतरी हळू आवाजात मोजतं, ते ऐकून काटा येतो. ‘लाभ’ म्हणजे काय? ही कुठली भाषा?

मी गाणं लावलं. ड्रमरच्या काड्यांची टकटक, मग थेट गिटार. हेडफोन बदलले, फोन बदलला... तेच. आईला ऐकवलं, तिलाही नुसती टकटक.

शेवटी बँडच्या गायकाला फोन केला. “आम्ही कुणाचाच आवाज ठेवलेला नाही,” तो म्हणाला. “फाइलमध्ये काही सापडत नाही. पण ऐकू येतो... आम्हालाही.”

त्यानंतर एकदा दुकानात त्या अल्बमचा टी-शर्ट घातलेली एक कॉलेजची मुलगी आली. आईने माप खाली ठेवलं आणि तिला कन्नडमध्ये विचारलं, “त्यात मोजतात ते कसं गं? म्हणून दाखव स्वल्प.”

मुलगी लाजली, पण म्हणाली. ‘लाभ’ लांबवून, ‘तीन’ अर्धवट गिळून. हुबेहूब अण्णा.

“पुन्हा म्हण,” आई म्हणाली. मुलीने तीनदा म्हटलं.

याचं कारण मला कुणी सांगू शकलेलं नाही. ज्यांनी हाकललं त्यांना तो ऐकू येतो, ज्यांना त्याचं नावही माहीत नाही त्यांनाही येतो. फक्त आम्हा दोघींना नाही.

दुकान आई अजून चालवते. पहिलं माप ओतताना आता ती ‘एक’ म्हणते.