पासवर्डला पुष्पगुच्छ

चहाचा घोट आधी गिळा, मग सांगतो. मागं एकाला ठसका लागला होता. आणि खुशाल हसा! माझ्याएवढा गाढव आख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही.

मी निरवांगीचा. इंदापुरात कॉम्प्युटरचे क्लास घेतो, म्हणजे अडाणी म्हणायचीही सोय नाही! आमचे आबा साखर कारखान्यातून रिटायर झालेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. फंडाचे पैसे ऑपरेशनला ठेवले होते. मीच म्हटलं, "आबा, तोवर पैसे नुसते कशाला पडू द्यायचे? माझा रोबोट, म्हणजे कॉम्प्युटरातला प्रोग्राम हो, शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्री करतोय."

आबा म्हणाले, "तुला त्यातलं कळतंय न्हवं? मग झालं."

एवढंच बोलले हो! आणि फंडाचे सगळे पैसे माझ्या खात्यात भरले.

रोबोट चालला बरा. पण कमाई चारचौघांना कळायला नको? रोबोटचे सौदे मेसेजनं कळवणारा, त्याला जोडायचा आणखी एक प्रोग्राम इंटरनेटवर फुकट मिळाला. त्यानं खात्याचा नंबर आणि पासवर्ड मागितला. दिला!

बायको म्हणाली, "अवो, पन ह्यो बनवलाय कुनी?"

"असंल कुणीतरी हुशार."

"हुशार हाय तर फुकट का वाटतोय?"

"तू भाकरी बघ, करपंल!"

मेसेज कुठं धाडू, असं प्रोग्रामनं विचारलं. मी ऐटीत पै-पाहुण्यांचा ग्रुप निवडला. आता आमचे पै-पाहुणे कसे? मेसेज वाचायचा नाही, पण अभिनंदन चुकवायचं नाही. लाईट जाणार अशी सूचना आली तरी खाली हारफुलं पडतात!

'सुरू'चं बटण दाबलं आणि क्लासला निघालो. त्या दिवट्या प्रोग्रामनं पहिल्याच मेसेजात मी भरलेली सगळी माहिती जशीच्या तशी ग्रुपवर टाकली. खातं, पासवर्ड, सगळं! इंग्रजीत. मग काय विचारता? "हार्दिक अभिनंदन भाऊ!" "गावाची शान!" लासुर्ण्याच्या मेव्हण्यानं तर 'आमचे दाजी' म्हणून तो मेसेज दिसंल त्या ग्रुपात ढकलला.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी खात्यात शिरून सगळं धुऊन नेलं. प्रोग्राम मात्र इमानी! प्रत्येक नुकसान ग्रुपवर कळवत होता आणि प्रत्येकाखाली फुलं पडत होती. शेवटी आलं, शिल्लक शून्य. त्याखाली पहिला पुष्पगुच्छ कुणाचा? आबांचा.

पोलिसांत तक्रार द्यायला बारामतीला गेलो. आबा काठी टेकत बरोबर आले. जिन्यात मधेच थांबले, कठडा धरून उभे राहिले. मला मान वर करवेना.

साहेबांनी विचारलं, "पासवर्ड कुणाकुणाकडं होता?"

आबाच बोलले, "सायेब, कुनाकडं न्हवता त्ये इचारा. लवकर उरकंल."

साहेब माझा मोबाइल चाळत होते. "अहो, पासवर्ड ग्रुपवर आला तेव्हाच बदलायचा ना!"

"क्लासात होतो साहेब. बघितलाच नाही."

"नाही बघितला? मग हे कोण?"

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. वर पासवर्ड, खाली हारतुऱ्यांचा ढीग आणि सगळ्यांत शेवटी माझंच नाव. शिकवता शिकवता, वर काय आलंय ते न वाचता, मी लिहिलं होतं: "सर्वांचे मनापासून आभार. असाच लोभ असावा."