बारामती-इंदापूर, नऊ नंबरच्या चपला घालून

लोक इकडे द्राक्षबागा बघायला येतात, उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला येतात. मी गेले होते पगार बघायला. आणि दोन दिवस फिरूनही तो मला धड दिसला नाही, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं. पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या खात्यात आहे. आयकार्डवर बायोमेडिकल इंजिनियर असं लिहिलंय, हाक मात्र "अहो बीपी मशीन!" अशी येते. पगार वेळेवर होतो आणि मुंगीच्या पावलांनी वाढतो. अशात हाडांच्या ऑपरेशनला लागणाऱ्या प्लेटा आणि स्क्रू विकणाऱ्या एका कंपनीनं बोलावलं. भाग बारामती-इंदापूर. फिक्स पगार आतापेक्षा कमी, पण वर इन्सेंटिव्ह. किती? कंपनीतली बाई म्हणाली, "त्याला मर्यादाच नाही." माझा मामा म्हणाला, "सेल्समध्ये? दिवाळीपर्यंत परत येशील." उत्तर सोमवारी द्यायचं होतं. मी शुक्रवारची रजा टाकली आणि हा भाग सध्या ज्याच्याकडे आहे त्या सागरदादाच्या गाडीत बसले.

हडपसरहून सासवड, जेजुरी, मोरगाव करत आम्ही बारामती गाठली. हाच रस्ता धरणार असाल तर दिवे घाटासाठी वेळ हाताशी ठेवा आणि मिसळ सासवडलाच खाऊन घ्या. आमच्या डिकीत स्टीलच्या पेट्या होत्या, प्रत्येक खड्ड्याला भांड्यांचं कपाट पडल्यासारखा आवाज. यांना सेट म्हणतात. एका पेटीत सगळ्या मापांच्या प्लेटा असतात. हॉस्पिटलनं जेवढं वापरलं तेवढ्याचं बिल, उरलेलं परत डिकीत.

"दादा, महिन्याला हातात किती पडतं?" मी शेवटी विचारलंच.

"कुठल्या म्हैन्यात?" सागरदादा म्हणाला.

मला वाटलं टाळतोय. तसं नव्हतं. नुसत्या विक्रीवर इन्सेंटिव्ह मिळत नाही, हॉस्पिटलनं बिल चुकतं केलं की मिळतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या कामाचे पैसे गणपतीत येतात आणि दिवाळीतले कधी येतील ते कुणालाच ठाऊक नसतं.

बारामतीचे रस्ते रुंद, चौक देखणे, आणि हे मी सगळं एका हॉस्पिटलच्या जिन्याच्या खिडकीतून बघितलं, कारण दुपार आमची तिथल्या बाकावर गेली. डॉक्टर आले, उभ्या उभ्या बोलले, "नवीन मॅडम का? बरं," म्हणाले आणि गेले. सागरदादा खूश. "बरं म्हणाले की! मला पयल्यांदा बघितलं बी न्हवतं."

रात्री कन्हेरीच्या रस्त्यावर एका साध्या हॉटेलात पिठलं-भाकरी खाल्ली (झकास, आणि ठेचा मागाल तर जपून). तिथे कळलं की सागरदादा हा भाग सोडतोय तो बढती मिळाली म्हणून. कोल्हापूरला एरिया मॅनेजर.

"अभिनंदन!"

"करा की. पगार वाढला, पर इन्सेंटिव्ह गेला. चांगल्या म्हैन्याचा हिशोब केला तर कमीच पडतंय."

"मग घेतली कशाला?"

त्यानं भाकरी मोडली. "आता बढतीला न्हाय कसं म्हणायचं, मॅडम?"

मी आले होते गोंधळ सोडवायला, आणि आता आम्ही दोघंही गोंधळलेले होतो.

दुसऱ्या दिवशी इंदापूरला मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होतं. वाटेत आत वळून कळसला सागरदादाच्या घरी न्याहारी. त्याचे वडील, आबा, पूर्वी मेंढरं घेऊन कोकणाकडे जायचे. आता ऊस आणि डाळिंब आहे. पुढ्यात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि असं घट्ट दही, की मी लाज सोडून दोनदा मागून घेतलं.

"ह्यात पेन्शन हाय का?" आबांनी मला विचारलं.

"नाही, आबा."

"सुट्टी?"

"तीही फोन येईपर्यंतच, म्हणे."

"आमी मेंढरं घिऊन जायचो तवा घरी कवा येणार हे कुणी इचारत न्हवतं. ह्येचं बी तसंच हाय. फकस्त ह्येची बायकू इचारती." आतून हसण्याचा आवाज आला, तो त्या बायकोचाच असावा.

इतक्यात अंगणातून सागरदादाची हाक आली, "मॅडम, जरा हिकडं या." तो पेटी उघडून बसला होता आणि चेहरा उतरला होता. मांडीच्या प्लेटा डाव्या पायाच्या वेगळ्या आणि उजव्या पायाच्या वेगळ्या असतात. डाव्या मागच्या आठवड्यात वापरल्या गेल्या, गोडाऊननं भरून पाठवल्या त्या उजव्या. त्यानं नग मोजले होते, बाजू बघितली नव्हती. आकडा बरोबर होता. पेशंटचा पाय डावा होता.

पुढचा प्रवास कसा झाला ते मला फारसं आठवत नाही. निमगाव केतकीला पानमळे आहेत आणि बघण्यासारखे आहेत, असं ऐकून आहे. सागरदादा एका हातानं गाडी आणि दुसऱ्या हातानं फोन (हे तुम्ही करू नका). अकलूजच्या सहकाऱ्याकडे डावी प्लेट निघाली. त्यानं ती इंदापूरला सवाऱ्या भरून येणाऱ्या वडापच्या जीपवाल्याकडे दिली. इंदापूरच्या स्टँडबाहेर, पेरूच्या गाड्यांशेजारी आम्ही त्या जीपची वाट बघत उभे राहिलो. मी दर मिनिटाला रस्त्यापर्यंत जाऊन बघून येत होते, आणि नोकरी तर अजून माझी नव्हतीसुद्धा. जीप आली. ड्रायव्हरनं सीटखालून पुडकं काढलं आणि ओरडला, "कुणाचं हाड हाय हे?"

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सागरदादाला सगळ्यांसमोर असं झापलं की माझीच मान खाली गेली. पेशंटला अजून भूल दिलेली नव्हती, एवढंच नशीब. प्लेट निर्जंतुक करायला गेली आणि मला आत जायची परवानगी मिळाली.

ऑपरेशन थिएटरच्या दारात चपलांची मांडणी होती. मंदा सिस्टर तिथल्या मुख्य. त्यांनी माझ्याकडे आणि मग मांडणीकडे बघितलं. कंपनीवाल्यांच्या सगळ्या चपला पुरुषी, आठ नाहीतर नऊ नंबर. प्रत्येक जोडावर नेलपॉलिशनं कंपनीचं नाव. एकाच जुन्या जोडावर माणसाचं होतं, सागर.

"माणसांची नावं का नाहीत घालत?" मी विचारलं.

"पयल्यांदा घालत हुते. पर माणूस वळखीचा हुईस्तवर दुसराच येतुया. आता टिकला तरच नाव." त्यांनी सागरदादाच्या चपला माझ्यापुढे सरकवल्या. तो दुसऱ्या कुणाच्या तरी घालून आत गेला.

नऊ नंबरात माझे पाय पोहत होते. "कोण फटफट करतंय?" डॉक्टर आतून म्हणाले. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. आणि मग बघते तर ज्याला तासाभरापूर्वी झापलं त्यालाच डॉक्टर विचारत होते, "सागर, इथे लांब बसेल की आखूड?" सागरदादा एक्स-रेकडे बघून म्हणाला, "एक माप कमी घ्या, सर." डॉक्टरांनी घेतलं. मान वर न करता घेतलं. याचा पगार किती असायला हवा, मला खरंच कळेना.

बाहेर पेशंटची बायको सागरदादाच्या पाया पडायला वाकली. "मी डाक्टर न्हाय वो काकू," म्हणत तो मागे सरकला. ती ऐकेना. शेवटी पेरूंची पिशवी त्याच्या हातात आली, निम्मे माझ्याकडे.

परतीला सोलापूर रस्ता धरला. भिगवणला माशाची थाळी खाल्ली, ती जरूर खा. पाटसच्या टोलनाक्यावर मी विचारलं, "दादा, सोडताना वाईट वाटतंय?"

"चपला तितंच ऱ्हायल्या," एवढंच म्हणाला.

घरी आईनं पेरू कापता कापता विचारलं, "मग? पगार कळला?"

"नाही."

"पुढे काय होतात यात?"

"मॅनेजर. मग कमी मिळतं."

आईनं सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी रविवारभर फिक्स, इन्सेंटिव्ह, पेट्रोल, आबांनी विचारलेली पेन्शन असं उलटसुलट करत बसले आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलं. आताची नोकरी शहाणपणाची आहे, यात शंका नाही. पण सहा वर्षांत तिथे मला कुणी "लांब की आखूड" विचारलेलं नाही, आणि ते मला लागलंय.

सोमवारी सकाळी अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. ओळखीची मांडणी, आणि त्यात नवा कोरा निळा जोड, इतरांपेक्षा लहान. जोडावर काहीच लिहिलेलं नव्हतं. फोटोखाली मंदा सिस्टरांचा मेसेज होता: "सागरनं फोन नंबर दिला. पाच नंबर हुतील ना? नाव सा म्हैन्यांनी."

कंपनीचा मेल तसाच उघडा ठेवून मी आधी सिस्टरांना लिहिलं, "चार नंबर लागतो. बदलून मिळेल का?"