अंगदच्या गेममधलं गवत

शेजारच्या सारजाकाकूंचा अंगद माझ्याच वयाचा. मी नांदूरघाटच्या माळावर शेळ्या राखतो, त्यो अंबाजोगाईला कॉलेज करतो. उन्हाळ्यात घरी आला की खाटंवर लॅपटॉप घेऊन बसतो. गेममधल्या शहरात लोकांच्या गाड्या पळवतो, कुंपणं मोडतो. मागं पोलीस लागतेत, पण जरा गल्लीत लपला की सगळं इसरून जातेत. अन् माझ्या शेळीनं एकदा काकूंच्या हरभऱ्याला तोंड लावलं, ते काकू अजून गावभर सांगती. ह्या चोराला मात्र बसल्या जागी चहा देती! माझा नुसता जळफळाट होतो.

काल त्यानं मला खेळायला दिलं. मी गाडी शहराबाहेर काढली. समोर हिरवागार डोंगर, गुडघाभर गवत, हाकलायला कुणी न्हाई. मी उतरून बघतच राहिलो.

"का थांबलास रं? दुसरी गाडी चोर की!" अंगद वरडला.

"हितं शेळ्या कुठं हायत?"

त्यो खो खो हसला. "यात शेळ्या नसत्यात, बिभीषण."

माळावर गवताची काडी न्हाई, माझी शेरडं महिनाभर बाभळीच्या शेंगांवर हायत.

"म्हंजी चहाबी तुला अन् गवतबी तुलाच," मी म्हणलो, अन् लॅपटॉप मिटला.