युरेनियमच्या जत्रेतली एकमेव स्थानिक

वॉटफर्डहून निघताना माझ्या बॅगेत दोन स्वेटर, एक रेनकोट आणि डबाभर शंकरपाळे होते. प्रसादच्या बॅगेत काय होतं ते गाडीत त्याने ती उघडली तेव्हा कळलं. फुगे होते. पिवळे आणि हिरवे, आणि प्रत्येकावर एक हसरा अणू छापलेला.

प्रसाद माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. नागपूरहून वर्क व्हिसावर लंडनला आला आणि ईलिंगमध्ये राहतो. त्याची कंपनी स्कॉटलंडच्या पार उत्तरेला युरेनियम शोधते. तो स्वतः काही शोधत नाही. तो ‘कम्युनिटी बेनिफिट’ बघतो, म्हणजे जमिनीला भोकं पाडण्याआधी तिथल्या माणसांना ती भोकं त्यांच्याच भल्याची कशी आहेत हे समजावून सांगतो. आमच्या घरात गोड बोलण्याची देणगी कोणालाच नव्हती, ती या एकट्याला मिळाली आणि त्याने ती तिथे नेऊन लावली.

“मावशी, चल ना,” तो म्हणाला होता. “दोन-चार दिवसांची ट्रिप आहे. गावासाठी फन डे. तुझं स्कॉटलंड पण बघून होईल.”

लंडनकरांच्या मते वॉटफर्ड ओलांडलं की उत्तर सुरू होते. म्हणजे मी गेली कित्येक वर्षं उत्तरेच्या उंबरठ्यावर राहते आहे, आणि आजवर मला कोणीही कसलाही बेनिफिट देऊ केलेला नव्हता. मग म्हटलं, निदान दुसऱ्यांना देताना तरी बघून येऊ.

किंग्ज क्रॉसहून गाडी निघाली ती दिवसभर चालतच राहिली. न्यूकॅसलनंतर उजव्या हाताला समुद्र लागला, एडिंबरानंतर डोंगर, आणि डोंगरांनंतर आणखी डोंगर. समोरच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ विणकाम करत होते. मी त्यांना विचारलं, “उत्तर आली का?” ते टाके मोजत म्हणाले, “अजून नाही. मोबाइलचा सिग्नल गेला की समजा.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, इनव्हर्नेसहून कंपनीच्या मोटारीने पुढे निघालो. त्या भागातला रस्ता एकाच गाडीपुरता असतो. मध्येमध्ये रुंद जागा ठेवलेल्या असतात, तिथे एकाने थांबायचं, दुसऱ्याने जायचं आणि जाताना हात वर करायचा. तेवढं ‘आभारी आहे’ झालं. प्रत्येक ड्रायव्हर हात वर करत होता. प्रसाद मोटारीवरच्या कंपनीच्या चिन्हाकडे बोट दाखवून म्हणाला, “बघ मावशी, लोकली किती सपोर्ट आहे!”

पुढे एक मेंढी रस्त्याच्या मधोमध बसलेली होती, तिने मात्र अजिबात सपोर्ट दाखवला नाही. तिच्यासाठी आम्ही बराच वेळ थांबलो. मग प्रसाद तिला हाकलायला खाली उतरला आणि मिजेसनी (डोळ्यांदेखत माणसाला फोडून काढणारी इवलीशी चिलटं) त्याला असा घेरला, की मेंढीला दया येऊन ती आपण होऊन उठली.

गावाचं नाव लिहीत नाही. त्याला आधीच पुष्कळ प्रसिद्धी मिळाली आहे. समुद्राच्या काठाला विखुरलेली घरं, एक दगडी चर्च, एक दुकान आणि एक शाळा, जी मुलं नसल्यामुळे बंद आहे. आम्ही इशबेल नावाच्या बाईंकडे उतरलो. वय सत्तरीच्या पुढचं, पाठ ताठ. नवरा गेल्यापासून दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि मागे आपला क्रॉफ्ट (घराला जोडलेली छोटी शेतजमीन) सांभाळतात. दारातच म्हणाल्या, “आधी स्त्रूपाक (चहा आणि त्याबरोबर काहीतरी खाणं), मग बोलणं.” मी शंकरपाळ्यांचा डबा उघडला. एक तोंडात टाकून त्यांनी बराच वेळ विचार केला.

“हे चहात बुडवायचं की असंच?”

“जशी दातांची परिस्थिती असेल तसं,” मी म्हटलं. आमचं तिथेच जमलं.

चहानंतर त्या मला घरामागच्या चढावर घेऊन गेल्या. वर गावाचं सामाईक कुरण आहे आणि त्याच्या कडेला एक झरा. दगडाखालून पाणी येतं आणि पाइपने खाली पाच घरांना जातं. पाइप त्यांच्या नवऱ्याने शेजाऱ्यांना घेऊन टाकला होता. मी ओंजळ भरून प्यायले. पाणी इतकं गार होतं, की कपाळात कळ गेली. इशबेलबाईंनी वर हात केला. झऱ्याच्या माथ्यावर लाल झेंड्यांच्या काठ्या रोवलेल्या होत्या.

“तिथे भोकं पाडणार आहेत,” त्या म्हणाल्या. “फक्त शोधायला, म्हणतात. या झऱ्याचं काय होईल विचारलं तर म्हणाले, चिंता नको, आम्ही गावाला बाक देऊ.”

“बाक?”

“बसायला. समुद्र दिसेल असा. मी तीन वेळा लिहिलं, बाक नको, एक नर्स द्या आणि झऱ्यापासून लांब राहा. उत्तर आलं की आभारी आहोत, आपलं म्हणणं फन डेला येऊन मांडा, त्यानंतर कोणाचं म्हणणं घेतलं जाणार नाही.”

“मग मांडा की. उद्याच तर आहे.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवघरात चप्पल घालून शिरले होते. “उद्या रविवार आहे,” त्या म्हणाल्या, आणि खाली उतरायला लागल्या.

त्याचा अर्थ संध्याकाळी समजला. गावातले सगळे वाळत घातलेले कपडे हळूहळू दोऱ्यांवरून नाहीसे झाले. दुकानदाराने पेट्रोलच्या पंपाला कुलूप घातलं. इशबेलबाई दुसऱ्या दिवशीचे बटाटे आजच सोलून पाण्यात ठेवत होत्या. या गावात रविवारी देवाशिवाय कोणाचं काम करत नाहीत. गवत कापत नाहीत, कपडे वाळत घालत नाहीत, कसल्या जत्रेला तर जातच नाहीत. चर्चला जायचं, परत यायचं, गार जेवायचं, परत चर्चला जायचं. मला माझ्या आजोळचं सोवळंओवळं आठवलं. तिथे निदान तळलेलं तरी मिळायचं.

मी तडक प्रसादची खोली गाठली. तो फुगे मोजत होता.

“अरे, उद्या तुझ्या जत्रेला कुत्रंसुद्धा येणार नाही. एकादशीच्या दिवशी तू फुकट बिर्याणी वाटायला बसतोयस.”

“मावशी, संडे लंडनहून ठरलाय. संडेला सगळे घरी असतात ना, टर्नआउट चांगला मिळतो.”

“घरी असतात हे खरं आहे. आणि घरीच राहतात. तुम्हाला गावाचा हॉल तरी मिळाला का?”

“नाही. संडेला देत नाहीत म्हणाले. म्हणून मार्की लावलाय, मोठा तंबू.”

हॉल मिळाला नाही, तरीही इतक्या शिकलेल्या मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हटलं, “पुढे ढकल. त्या बाईंना बोलायचंय, त्यांच्या पाण्याचा प्रश्न आहे.” त्याने हातातला फुगा खाली ठेवला. मग नागपूरचा लहानपणीचा प्रसाद बोलतो तसं बोलला, “मी विचारलं होतं गं. बॉस म्हणाला, डेट इज अ डेट. माझा व्हिसा त्यांच्या हातात आहे, मावशी.” मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे झोप नीट लागली नाही.

रविवारी सकाळी इशबेलबाई काळा कोट आणि टोपी घालून निघाल्या. मी शेवटचं विचारून पाहिलं. वाटेतच तर आहे तंबू, दोन वाक्यं बोलून पुढे जा, देव काही रागावणार नाही.

“देव रागावेल म्हणून नाही,” त्या म्हणाल्या. “हा एक दिवस माझा माझ्याकडे राहिलाय. तो यांच्या सोयीसाठी मोडला, तर उद्या झरा कशाला, सगळंच देऊन टाकीन.” आणि तंबूसमोरून मान न वळवता गेल्या. त्यांच्यामागून सगळं गाव तसंच गेलं. सगळे काळ्या कपड्यांत, आणि बाजूला हसऱ्या अणूंचे पिवळे फुगे.

फन डेचं वर्णन करायला हवं. तंबूच्या दारात ‘युरेनियम आणि तुम्ही’ अशी कमान होती. आत काचेच्या पेटीत एक करडा दगड ठेवला होता, आणि तो खोटा आहे अशी खाली चिठ्ठी होती. मुलांच्या तोंडावर रंग काढून द्यायला इनव्हर्नेसहून एक बाई आणली होती. तिने बसल्याबसल्या स्वतःच्याच हातावर वाघ काढला. उड्या मारायचा हवेचा किल्ला वाऱ्याने एकटाच उड्या मारत होता. बाकाचं मोठं चित्र लावलं होतं आणि त्यावर एक सुखी जोडपं बसलेलं होतं. त्यांना प्यायला पाणी कुठून येतं ते चित्रात दाखवलं नव्हतं. सँडविचेस मात्र अख्ख्या तालुक्याला पुरतील इतकी होती.

दुपारपर्यंत दोन जर्मन सायकलवाले आले, टॉयलेट कुठे आहे विचारून गेले. त्यांना जाताना कंपनीचे चहाचे मग मिळाले. मग कंपनीची फोटोग्राफर माझ्याकडे आली. “मॅडम, जरा सँडविच घेऊन इथे उभ्या राहता? लाइट बघायचाय.” मी उभी राहिले. हातात आहे तर खाल्लं. तिने विचारलं, कसं आहे? अंड्याचं होतं, त्यात मोहरीही होती, खरोखरच बरं होतं. मी म्हटलं, “लव्हली!”

सोमवारी सकाळी इशबेलबाई तोच काळा कोट घालून माझ्याबरोबर तंबूकडे आल्या. तंबू नव्हता. माणसं शेवटच्या खुंट्या उपटून ट्रकमध्ये टाकत होती. प्रसाद एकटा उभा होता. बाई त्याच्यासमोर गेल्या आणि अगदी सावकाश म्हणाल्या, “त्या झऱ्यावर पाच घरं पाणी पितात. माझा नकार आहे. माझ्या शेजाऱ्यांचाही आहे. लिहून घ्या.”

प्रसादने मान खाली घातली. “मी वर कळवतो. पण ऑफिशियली... काल क्लोज झालं.”

मागून कोणीतरी उत्साहाने बाईंच्या हातात एक मग ठेवला. त्यांनी तो उलटा करून तळ पाहिला आणि जवळच्या कुंपणाच्या खांबावर ठेवून दिला. परतीच्या वाटेवर समोरच्या गाड्या हात वर करत होत्या. या वेळी प्रसादनेही हात वर केला.

वॉटफर्डला येऊन धुणं-भांडी, बाग सगळं सुरू झालं. काही आठवड्यांनी कंपनीचा अहवाल वेबसाइटवर आला. ‘उत्तरेकडील समाजाचा उत्स्फूर्त प्रतिसाद. एकही हरकत नोंदवली गेली नाही.’ आणि खाली पानभर फोटो. गालात सँडविच, चेहऱ्यावर समाधान, आणि ओळ अशी: ‘लव्हली!’ – एक स्थानिक रहिवासी.

ती मी होते. संताप इतका आला, की चहा उतू गेला तरी कळलं नाही. एका बाईचं पाणी माझ्या तोंडातल्या घासावर तोलून काढून घेणार होते. मी इशबेलबाईंना फोन केला आणि फोटोबद्दल सांगितलं. मग बाई हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत हसल्या.

“म्हणजे कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही आमच्या गावच्या?”

“छापलंय तसं.”

“आणि रविवारी तंबूत हजर असलेल्या स्थानिक तुम्ही एकट्याच?”

“एकटीच.”

“मग गावच्या बाईला नकार द्यायचा हक्क आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचा सांगा ना. आमचा तर घेतला नाही.”

त्याच दिवशी मी तिथल्या कौन्सिलला कळवलं, की ज्या रहिवाशाचा फोटो पानभर छापला आहे तो रहिवासी वॉटफर्डचा आहे, ‘लव्हली’ हे मत अंड्याबद्दल आहे, युरेनियमबद्दलचं मत ‘नको’ असं आहे, आणि बाकीचं गाव तेव्हा कुठे होतं हे तुम्हालाही ठाऊक असेलच, कारण तुमचं ऑफिसही रविवारी बंद असतं. प्रसादला आधी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “पाठव, मावशी. फोटोवरची ओळ मी लिहिलेली नाही, हेही टाक. खरंच नाही लिहिलेली.” मी ते टाकलं.

कौन्सिलने कंपनीला गावाचं मत पुन्हा विचारायला लावलं, या वेळी बुधवारी आणि गावाच्या हॉलमध्ये. मी गेले नाही. मी तिथली नाही, हे एकदा सिद्ध करून झालं होतं. इशबेलबाईंनी दुसऱ्या दिवशी फोनवर सगळं सांगितलं. हॉल भरला होता, खुर्च्या कमी पडल्या, बाकाचं चित्र पुन्हा लावलं होतं. त्या उठल्या, झऱ्याबद्दल बोलल्या आणि बसल्या. मग एकेक जण उठून तेच बोलला. लाल झेंडे काढून नेलेत, त्या म्हणाल्या, आणि आता डोंगराच्या पलीकडच्या बाजूला रोवताहेत.

“पलीकडे कोणी राहतं का?” मी विचारलं.

“राहतात. सकाळीच फोन केलाय मी त्यांना. म्हटलं, तंबू रविवारी लागला तर बाहेर उभं राहून एक फोटो तुम्हीही काढून ठेवा. रिकाम्या तंबूचा.”