नसीरभाईचा बेसचा डबा

आमचे हे, नसीरभाई रेडिओवाले, पौडच्या बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी लेकीकडे कोथरूडला असते, अन् माझी बोली सुधारली असं नातवंडं म्हणतात. पण कासार आंबोलीच्या जयसिंगचं नाव निघालं की सगळी सुधारणा उतरते. त्या माणसानं केसानं गळा कापला आमच्या ह्यांचा. आधी सगळं ऐका, मग कोणाला काय म्हणायचं ते म्हणा.

ह्यांचे वडील बांगड्या विकायचे. ह्यांचं मन बांगड्यांत कधी लागलं नाही. सोळाव्या वर्षी पुण्याला एका रेडिओच्या दुकानात राहिले, सात वर्षं दुसऱ्यांचे रेडिओ उघडून शिकले, अन् परत येऊन वडलांच्या अर्ध्या दुकानात टेबल टाकलं. कान असा तयार, की गिऱ्हाइकानं दारात रेडिओ लावला तरी हे मान वर न करता कुठं बिघाड आहे ते सांगायचे. तरीपण स्वतःच्या कानावर पुरता भरवसा नाही. रेडिओ दुरुस्त झाला की आत हाक यायची, "साबेरा, ऐक गं!" दुकानामागंच आमचं घर. मी पिठाचे हात घेऊन दारात उभी राहायची. "घोगरा वाटतोय," म्हटलं की पुन्हा उघडायचे. "हां, आता बरा," म्हटलं की मगच तो गिऱ्हाइकाच्या हातात जायचा. मला शाळा चौथीपर्यंत, पण ह्यांच्या दुकानात शेवटचा शब्द माझा होता.

त्र्याऐंशी साली एका पुणेकराच्या बंगल्यावर परदेशी टेप दुरुस्त करायला गेले अन् येडे होऊन आले. म्हणाले, "दोन डबे वीतभराचे, फळीवर ठेवायचे. जाड आवाज, बेस म्हणतात त्याला, सगळा तिसऱ्या मोठ्या डब्यातून, तो खाली जमिनीवर. साबेरा, छातीत वाजतं गं गाणं!" झालं. सहा महिने घरात फळ्या, रंधा, भुसा. मी सरस उकळला, रेक्झिन कापलं, स्पीकरचे फाटलेले कागद चिकटवले. शेवटी सेट उभा राहिला. आयुष्यभर दुसऱ्याचं दुरुस्त करणाऱ्या माणसानं स्वतःचं काहीतरी बनवलं होतं. ह्यांनी पितळेची पट्टी करून आणली, 'नसीर, पौड' अशी, अन् मोठ्या डब्यावर मधोमध ठोकली.

पुढच्या दिवाळीला तीन सेट गेले. पहिला जयसिंगकडे. तो ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त, ईदला शिरखुर्म्याच्या चार वाट्या मारणारा. दुसरा पौडच्याच रत्नाबाई मास्तरणीकडे, तिसरा नेऱ्याच्या बहिरूकडे. हे स्वतः जाऊन बसवून आले. दिवाळीची साफसफाई चालली होती, घरं सारवलेली, सगळी भांडी अंगणात चिंचेनं घासायला काढलेली. रिकाम्या घरात सेट असा घुमला म्हणता! आले ते शीळ घालतच. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण माझ्या नवऱ्याला शीळ घालता येते हे मला त्या दिवशी कळलं.

मग बाजारच्या दिवशी कोणी भेटलं की ह्यांचा एकच सवाल, "कसं वाजतंय?"

"लई झ्याक!" जयसिंग म्हणायचा. "आमच्या आळीत असं कुनाकडंच न्हाई, नसीर."

दोन वर्षं हेच चाललं. रोज दाढी करताना शीळ.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर पुण्याचे एक दुकानदार शेठ गाडी घेऊन आले. आमच्याकडचा सेट ऐकला, मान हलवली. म्हणाले, "दहा सेट घेतो, तुमच्या नावाची पट्टी ठेवून. पुण्यात चालले तर आणखी घेईन. पण नसीरभाई, बनवणाऱ्याच्या दुकानात सगळंच गोड वाजतं. ज्यानं दोन वर्षं वापरलाय त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी माल उचलत नाही."

"एवढंच ना? चला आत्ता, जयसिंगकडं," हे म्हणाले.

मी म्हटलं, "आज नको. निरोप धाडू, उद्या जाऊ."

"आपल्याच माणसाकडं निरोप कशाला?" म्हणत हे गाडीत बसले. मग मीही बसले.

जयसिंगच्या दारात पोचलो तर आत टेप चालूच होता. हे उंबऱ्यातच थांबले. क्षणभर ऐकलं नि तोंड उतरलं. "जाड आवाज कुठाय?"

फळीवर दोन बारके डबे वाजत होते. मोठा डबा चुलीकडच्या कोपऱ्यात. त्याची वायर गुंडाळून खुंटीला टांगलेली, अन् त्याच्यावर जयसिंगची आई गोजराबाई मांडी घालून हुलगे निवडत बसलेली. पितळी पट्टी तिच्या लुगड्याखाली अर्धी झाकली होती.

"ह्यो डबा व्हय?" म्हातारी शेठना म्हणाली. "बसाया ब्येस हाय."

शेठ हसले नाहीत. जयसिंगला म्हणाले, "मला खरं मत पाहिजे."

अन् जयसिंगनं दिलं की! परक्या माणसाला पहिल्या फटक्यात खरं सांगितलं. "शेठ, बारकं डबं झकास. पर ह्यो मोठा लावला की मांडणीवरची समदी भांडी खडाखडा वाजत्यात. गानं ऱ्हातंय बाजूला, नुसत्या पितळ्या ऐकायच्या. पंध्रा दिसांतच काढून ठिवला. मास्तरणीनं बी काढलाय, बहिरूनं बी."

ह्यांनी भिंतीवरच्या मांडणीकडं पाहिलं. तांबं, पितळ, स्टील, छतापर्यंत उतरंड. सेट बसवला तेव्हा ही सगळी अंगणात होती. आमच्या दुकानात ऐकताना तर भांड्यांचा प्रश्नच नव्हता.

"दोन वर्सं, जयसिंग? मला का न्हाई सांगितलंस?"

"आरं, तुज्या हातचं. तोंडावर कशी नावं ठिवायची? मन मोडलं असतं तुजं."

"मन!" हे ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "खाली चार रबराचं तुकडं घातलं असतं, भिंतीपास्नं लांब घेतला असता, येक येगळी कळ बसवली असती, घराला सोसंल तेवढाच आवाज! अर्ध्या दिसाचं काम व्हतं रं! मी दोन वर्सं गावभर इचारत फिरलो अन् तुमी समदी माझ्याशी खोटं बोलला?"

माझं डोकं फिरलं. "मुडद्या," मी जयसिंगवर तुटून पडले, "वाटीवर वाटी शिरखुर्मा वरपताना जीभ चालत व्हती, अन् येवढं सांगाया लुळी पडली?"

गोजराबाईनं सूप खाली ठेवलं. "आगं साबेरा, त्याला कशापायी कावतीस? म्या तुला सांगितलं न्हवतं व्हय? पयल्याच शिमग्याला, बाजारात. तू म्हनलीस, मी घालते त्यांच्या कानावर."

टेप चालूच होता. तो बंद करायचंही कोणाला सुचलं नाही. हे माझ्याकडं बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

हो, मला माहीत होतं. मघापासून जयसिंगच्या नावानं बोटं मोडतेय ना, चोराच्या उलट्या बोंबा आहेत त्या. त्या बाजारातून मी ठरवूनच आले होते, आज सांगायचं. घरात पाय टाकला तर हे शीळ घालत चौथ्या सेटच्या फळ्या तासत होते. म्हटलं, उद्या सांगू. मग दर उद्याला तेच. मला ती शीळ हवी होती हो. जयसिंगनं निदान दोस्ताचं मन राखलं म्हणायचं. मी माझं सुख राखलं.

शेठ भले माणूस. "पुन्हा येईन," म्हणाले, अन् आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ह्यांनी तिन्ही घरी जाऊन रबर घातलं, कळ बसवली. नंतर बहिरू सांगत आला, "आता खरंच झ्याक वाजतंय." ह्यांनी मान हलवली अन् आपलं काम करत राहिले. चौथ्या सेटच्या फळ्यांची पुढं मी कपडे ठेवायला पेटी करून घेतली.

त्यानंतर दुकानातून मला हाक आली नाही. महिनाभरानं एक रेडिओ दुरुस्त होऊन वाजायला लागला, तेव्हा मीच पिठाचे हात घेऊन दारात गेले. ऐकलं. खरोखर छान वाजत होता.

"आता बरा वाजतोय," मी म्हटलं.

हे रेडिओचं पाठचं झाकण लावत होते. मान वर केली नाही.

"तू बरा असंच म्हणशील," म्हणाले, अन् रेडिओ गिऱ्हाइकाला देऊन टाकला.